राकसकोपच्या काठावर सायकल आणि पायपीट: या चुका टाळा

बेळगावच्या पश्चिमेला मार्कंडेय नदी अडवून बांधलेला राकसकोप जलाशय हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार आहे. धरण कर्नाटकात, बेळगाव तालुक्यात आहे. त्याच्या फुगवट्याचे पाणी मात्र महाराष्ट्रातील चंदगड तालुक्याच्या तुडये गावाच्या शिवारापर्यंत पोचते आणि दोन्ही काठांवरची माणसे मराठीच बोलतात. शहरापासूनचे अंतर एका सकाळीत जाऊन येण्याजोगे असल्यामुळे शहापूर, टिळकवाडी, हिंदवाडी या भागांतील सायकलस्वार रविवारी बेनकनहळ्ळी-बेळगुंदीच्या वाटेला लागतात आणि त्यांतले काही सायकल गावात ठेवून डोंगरावर चढतात. या सहलींत जे घोटाळे होतात त्यांचे मूळ बहुधा बेदरकारपणात नसते. ते घरून निघताना मनात पक्क्या केलेल्या एका चुकीच्या चित्रात असते आणि ते चित्र म्हणजे ‘तळ्याला एक फेरी मारून येऊ’ हा बेत.

तळ्याला प्रदक्षिणा घालण्याचा बेत

गावातला बांधीव तलाव गोल किंवा चौकोनी असतो आणि त्याच्या काठाने चालता येते. धरणाचा जलाशय तसा नसतो. दरी अडवल्यावर पाणी मुख्य पात्रात साचते, तसेच त्या दरीला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्यात मागे सरकत जाते, आणि काठ हाताच्या पसरलेल्या बोटांसारखा आतबाहेर होत राहतो. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो, पण तिथे पोचण्यासाठी मधल्या ओढ्याच्या टोकापर्यंत मागे जाऊन पुन्हा पुढे यावे लागते. मोबाईलवरच्या नकाशात पाण्याभोवती बोट फिरवून काढलेला किलोमीटरचा आकडा म्हणूनच फसवा असतो.

दुसरी अडचण वाटांची. पाण्याच्या दिशेने जाणारी प्रत्येक पाणंद पुढे कोठेतरी निघेल असे गृहीत धरले जाते, परंतु या भागातील पाणंदी शेतात जाण्यासाठी आहेत. त्या भाताच्या खाचरापाशी, काजूच्या बागेपाशी किंवा जनावरांच्या पाणवठ्यापाशी संपतात. तेथून पुढे जाणारी पायवाट गुरांनी पाडलेली असते, आणि गुरांना पलीकडच्या गावाला जायचे नसते. अशा ठिकाणी सायकल खांद्यावर घेऊन बांध तुडवत पुढे जाणे ही दुहेरी चूक आहे. बांध ढासळला तर खाचरातले पाणी निघून जाते आणि नुकसान शेतकऱ्याचे होते. शिवाय इतके श्रम घेतल्यावर मागे फिरण्याची इच्छाच उरत नाही, आणि वाट चुकलेल्या माणसाला मागे फिरण्याची लाज वाटू लागली की खरा धोका तेथून पुढे सुरू होतो.

यावर उपाय सोपा आहे, मात्र तो निघण्यापूर्वी ठरवावा लागतो. सायकल डांबरी रस्त्यानेच न्यावी. राकसकोप किंवा तुडये गावात कोणाच्या तरी अंगणात विचारून ती ठेवावी, तेथून धारेवर चढणाऱ्या रुळलेल्या वाटेने चालत जावे आणि त्याच वाटेने परत यावे. हातातल्या वेळेचा निम्मा भाग संपला की दृश्य कितीही मोहात पाडणारे असले तरी मागे वळावे. प्रदक्षिणा पूर्ण न झाल्याची रुखरुख काहींना लागते हे खरे. पण काठापेक्षा डोंगराच्या धारेवरूनच जलाशय नीट दिसतो, काठावरून फक्त समोरचे एक ‘बोट’ दिसते.

उघड्या पडलेल्या गाळावर पाय ठेवणे

राकसकोपची पूर्ण पातळी 2475 फूट मानली जाते. पावसाळ्यात पाणी या पातळीला आले की झाडी थेट पाण्यात उतरलेली दिसते. उन्हाळ्यात शहर पाणी वापरत जाते तशी पातळी उतरते आणि काठाला तपकिरी गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. एप्रिल-मे महिन्यांत हा पट्टा वरून वाळून भेगाळलेला असतो, त्यामुळे तो चालण्यास आणि सायकल चालवण्यास जवळचा मार्ग वाटतो. वरची खपली टणक असली तरी पाण्याच्या बाजूला खाली ओला, लोण्यासारखा गाळ असतो. पहिली काही पावले तो माणसाचे वजन पेलतो, मग एकाएकी पाय पोटरीपर्यंत आत जातो. सायकलचे चाक तर त्याहून लवकर रुतते, कारण सगळे वजन दोन बोटे रुंदीच्या टायरवर येते.

भेगा कोरड्या आणि खोल आहेत, त्यांत गवताचे कोंब उगवले आहेत, अशा भागापुढे जाऊ नये. भेगांच्या कडा काळसर आणि ओलसर दिसू लागल्या की तीच मर्यादा समजावी. पाय रुतलाच तर तो जोराने उपसण्याच्या प्रयत्नात दुसऱ्या पायावर भार येतो आणि तोही रुततो. त्याऐवजी मागे बसकण मारून वजन पसरावे, बूट अडकला असेल तर तो सोडून द्यावा आणि ज्या बाजूने आलो त्याच बाजूने सरपटत मागे यावे.

पोहण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. हे शहराचे पिण्याचे पाणी आहे, आणि तळाशी जुन्या बांधांचे दगड, झाडांचे बुंधे व हाच गाळ आहे. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही पाण्यात उतरू नये.

‘जाताना चढ, येताना उतार’ हा हिशेब

डोंगराकडे जायचे म्हणजे जाताना चढ आणि येताना आपोआप उतार, असे बहुतेकांना वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की बेळगाव शहर आणि जलाशयाची पूर्ण पातळी जवळजवळ एकाच उंचीवर, समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहेत. धरणाचे पाणी शहराला देण्यासाठी हिंडलगा येथे पंप चालवावे लागतात, यातच सगळे आले. रस्ता वरखाली होत जातो, त्यामुळे येतानाही चढ लागतातच, आणि ते दमलेल्या पायांना, ऊन डोक्यावर आल्यावर लागतात. जाताना सगळा जोर खर्च करून, पाण्याची बाटली काठावर रिकामी करून परतणाऱ्यांचे हाल बेळगुंदीच्या अलीकडे-पलीकडे होतात. परतीसाठी किमान एक लिटर पाणी आणि गुळाची चिक्की किंवा केळी बाजूला ठेवावीत, आणि ती ठेवली आहेत हे विसरून जावे.

रताळी काढणीच्या दिवसांत या रस्त्याला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. बेळगावच्या पश्चिम भागातील गावे रताळ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर तांबडी माती डांबरावर येते, आणि तिच्यावर पावसाची भुरभुर किंवा नुसते दव पडले तरी वळणावर चाक निसटते. वळणापूर्वीच वेग कमी करावा. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबणे हे पडण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. सकाळी दुधाचे कॅन बांधून शहराकडे निघालेल्या मोटारसायकलींना घाई असते, म्हणून दोघातिघांनी गप्पा मारत शेजारी-शेजारी सायकल चालवू नये.

पंक्चर झाल्यावरच वॉल्व्हचा विचार करणे

महागड्या सायकलींच्या ट्यूबला अलीकडे बारीक, उंच प्रेस्टा वॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची नळी मोटारसायकलच्या जाड वॉल्व्हसाठी असते आणि हातपंपाचे तोंड जुन्या काळ्या सायकलीच्या वॉल्व्हसाठी असते. प्रेस्टाला यांतले बहुधा काही नीट बसत नाही. दुकानदाराकडे पाना, पॅच, सोल्युशन, कसब सारे असूनही केवळ हवा भरता येत नाही म्हणून सायकल टेम्पोत घालून परत आणावी लागते. पितळेचा एक छोटा अ‍ॅडॅप्टर सायकलच्या दुकानात अल्प किमतीत मिळतो. तो घरी ड्रॉवरमध्ये ठेवण्यापेक्षा वॉल्व्हवरच्या टोपीच्या जागी कायमचा लावून ठेवावा.

कॉम्प्रेसरने हवा भरून घेताना दुसरा घोळ होतो. मोटारसायकलच्या सवयीने दुकानदार झपाट्याने हवा सोडतो आणि सायकलची लहान ट्यूब क्षणार्धात प्रमाणाबाहेर फुगते. थोडी थोडी हवा भरण्यास सांगावे आणि टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा वाचून दाखवावी. त्या मर्यादेपर्यंत हवा भरलीच पाहिजे असे मात्र नाही. माउंटन बाईकच्या दोन इंच रुंद टायरला, सत्तर किलो वजनाच्या माणसासाठी, खडीच्या आणि जांभ्या दगडाच्या वाटेवर तीस ते पस्तीस पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) पुरतात, तर रस्त्यासाठीच्या हायब्रिड सायकलच्या अरुंद टायरला पन्नास-साठ लागतात. हवा फार असेल तर चाक दगडावरून उडते. फार कमी असेल तर दगडाची धार आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाते.

ट्यूब बाहेर काढल्यावर तिच्याकडे नीट पाहिले तर पंक्चर कशाने झाले ते कळते. शेजारी-शेजारी दोन समांतर चिरा असतील तर ट्यूब चिमटली आहे. अशा वेळी दोन्हींवर पॅच लावावा, कारण घाईत एकच दिसते, आणि पुढे हवा थोडी जास्त ठेवावी. एकच बारीक छिद्र असेल तर तो काटा आहे, आणि करवंदीचा किंवा बाभळीचा तो काटा अजून टायरमध्येच असण्याची शक्यता मोठी आहे. टायरच्या आतून कापसाचा बोळा किंवा रुमालाचे टोक सावकाश फिरवले की ते काट्याला अडकते. बोट फिरवल्यास काटा बोटालाच सापडतो. काटा न काढता नवी ट्यूब घालणाऱ्याला एक-दोन किलोमीटरवर पुन्हा तेच काम करावे लागते आणि तोवर जवळची जादा ट्यूबही खर्ची पडलेली असते.

चेन, गिअर आणि तांबडी माती

चेनला मोटारसायकलचे जळके ऑइल चोपडण्याची पद्धत अजून आहे. ते काळे ऑइल या भागातील बारीक तांबडी माती धरून ठेवते, आणि माती-ऑइलचा तो लेप चेन व दातऱ्या कानशीसारखा झिजवतो. शिवणयंत्राचे पातळ तेल याउलट पहिल्याच सरीत धुऊन जाते. पावसाळ्यात चेनसाठी मिळणारे जाड वेट ल्युब प्रत्येक कडीवर एक थेंब असे लावून, दहा मिनिटांनी वरचे सगळे फडक्याने पुसून घ्यावे. तेलाचे काम कडीच्या आत असते, बाहेर दिसणारे तेल फक्त धूळ जमवते.

चढावर गिअर अडकतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यात बरेचदा दोष सायकलचा नसून वेळेचा असतो. पाय पूर्ण जोराने मारत असताना गिअर बदलला की चेन करकरते किंवा उतरते. म्हणून चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर घ्यावा. तरीही चेन मोठ्या दातरीवर चढण्यास कुरकुर करत असेल तर केबल सैल झालेली असते. डिरेलरमध्ये, म्हणजे चेन एका दातरीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या मागच्या भागात, केबल जेथे शिरते तेथील गोल नळीसारखा स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने पाव आटा फिरवावा, पेडल मारून पाहावे आणि गरज वाटल्यास आणखी पाव आटा द्यावा. एकदम दोन-तीन आटे फिरवल्यास मूळ जागा कोणती होती हेच कळेनासे होते. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर मात्र या स्क्रूला हात लावू नये. डिरेलर ज्या पट्टीला टांगलेला असतो ती वाकलेली असू शकते, आणि तशा स्थितीत सर्वांत मोठ्या दातरीवर चेन टाकल्यास डिरेलर स्पोकमध्ये शिरून चाकासकट मोडतो. मधल्या गिअरवर सावकाश परत यावे.

पावसाचा अंदाज शहराच्या आकाशावरून बांधणे

बेळगावहून पश्चिमेकडे जाताना पाऊस किलोमीटरागणिक वाढत जातो. खानापूर तालुक्यातील कणकुंबीला शहराच्या कित्येक पट पाऊस होतो. टिळकवाडीत ऊन पडलेले असताना मार्कंडेयच्या उगमाकडील बैलूरच्या डोंगरात मुसळधार चालू असू शकते. सकाळी घोट्याइतका असलेला ओढा दुपारी गुडघ्याच्या वर जातो आणि पाणी गढूळ झाल्याने तळ दिसत नाही. जून ते सप्टेंबर या काळात परतीसाठी जो ओढा पुन्हा ओलांडावा लागणार आहे तो जाताना ओलांडूच नये, असा माझा तरी आग्रह राहील. वाहत्या पाण्यात काडीकचरा आणि पाने एकाएकी वाढली, पाण्याचा रंग तांबडा झाला, तर वर पाऊस झाल्याची ती खूण आहे. अशा वेळी अलीकडेच थांबावे आणि दोन-तीन तास वाट पाहावी लागली तरी पाहावी.

फरशी पुलावरून पाणी जात असताना सायकल हातात धरून ओलांडणे हेही तितकेच धोक्याचे आहे. पाण्याचा दाब चाकांच्या स्पोकवर फारसा येत नसला तरी माणसाचे दोन्ही हात अडकलेले असतात आणि तोल सावरता येत नाही.

सायकलच्या शांततेचा विसर पडणे

या पट्ट्यात गवे आहेत, अस्वले आहेत आणि खानापूर-चंदगडच्या बाजूला अधूनमधून हत्तीही येतात. मोटारसायकलचा आवाज जनावराला दुरून कळतो. सायकल मात्र आवाज न करता वळणावरून थेट त्याच्या पुढ्यात येते, आणि दचकलेले जनावर पळण्याऐवजी अंगावर येण्याचा संभव असतो. झाडीतल्या आंधळ्या वळणांवर घंटी वाजवावी, चालताना मोठ्याने बोलावे. करवंदे-जांभळे पिकण्याच्या दिवसांत आणि वारुळांच्या आसपास अस्वलाची शक्यता अधिक असते. पहाटे व तिन्हीसांजेला रानात नसणे हाच त्यावरचा उत्तम उपाय आहे. गवा दिसला तर थांबावे, फोटोसाठी पुढे सरकू नये, मादी आणि वासरू यांच्यामधून जाऊ नये, आणि तोंड त्याच्याकडे ठेवूनच हळूहळू मागे यावे.

जनावरांइतकाच धोका त्यांच्यासाठी लावलेल्या तारांचा आहे. रानडुकरे आणि गवे पिकात शिरू नयेत म्हणून शेताला विजेचे कुंपण असते. बॅटरीवरचे असेल तर फक्त झटका बसतो, पण कोणी थेट वीजवाहिनीवरून आकडा टाकलेला असल्यास तो झटका जीव घेतो, आणि दोन्ही तारा दिसायला सारख्याच असतात. कोणत्याही शेताची तार वाकवून किंवा तिच्याखालून सरपटत आडवाट घेऊ नये, ओल्या अंगाने तर नाहीच.

फोन आणि सीमा

काठाने चालताना मोबाईलला कधी कर्नाटकातला टॉवर मिळतो, कधी महाराष्ट्रातला. आणीबाणीचा 112 हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो, तथापि फोन ज्या बाजूच्या नियंत्रण कक्षात जाईल तेथील माणसाला पलीकडची गावे माहीत असतीलच असे नाही. म्हणून फोन लागताच आधी राज्य, मग जिल्हा, तालुका आणि गाव या क्रमाने सांगावे. ‘बेळगावजवळ तळ्यापाशी’ एवढ्याने कोणाला काही कळत नाही. कोल्हापूर-गडहिंग्लजकडून येणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. कर्नाटक वनखात्याच्या अनेक पाट्या कन्नडमध्येच असतात, आणि न वाचता येणारी पाटी आपल्यासाठी नाही असे समजून लोक पुढे जातात. पाटी दिसली की जवळच्या माणसाला विचारावे.

राखीव जंगलात व अभयारण्यात परवानगीविना शिरणे हा दोन्ही राज्यांत गुन्हा आहे. राकसकोपवरून धीर येऊन पुढच्या रविवारी जांबोटीमार्गे भीमगडच्या रानात घुसण्याचे बेत आखले जातात. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे आणि तेथे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू होतो. पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील धबधब्यांवर जाण्यास प्रशासन बंदी घालते. निघण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी केल्यास अर्धा दिवस वाचतो आणि दंडही.

साप, जळवा आणि गोचीड

सर्पदंश झाल्यावर आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, रक्त चोखणे या तिन्ही गोष्टी हानिकारक आहेत. दंश झालेला हात किंवा पाय लाकडाच्या आधाराने स्थिर ठेवून, त्या माणसाला चालू न देता, वाहनाने बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवरचे आहे. साप ओळखण्यासाठी त्याच्या मागे लागण्यात मात्र वेळ घालवू नये, डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवतात.

जळवा त्रासदायक असतात, धोकादायक नव्हेत. ओढून काढण्याऐवजी नख तिच्या तोंडाखाली सरकवून ती सोडवावी आणि जखम पाण्याने धुवावी. थोडा वेळ रक्त वाहते, त्याने घाबरू नये.

गोचिडीकडे मात्र दुर्लक्ष करणे महागात पडू शकते. ती दुखत नाही, खाजत नाही आणि घरी आल्यावरही कपड्यांच्या शिवणीत लपून राहते. माकडताप म्हणून ओळखला जाणारा विषाणूजन्य आजार गोचिडींमुळे पसरतो. त्याचा शोध 1957 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यात लागला आणि पुढे सिंधुदुर्ग व गोव्यापर्यंत त्याचे रुग्ण आढळले. साधारण डिसेंबर ते मे हा त्याचा काळ असतो, म्हणजे नेमका सहलींचा. पायपिटीत पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यात खोचावी आणि पालापाचोळ्यावर अंग टाकून विसावा घेऊ नये. मेलेले माकड दिसल्यास त्याच्या जवळ न जाता आरोग्य किंवा वनखात्याला कळवावे. घरी येताच कपडे गरम पाण्यात भिजवून काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू आणि कानामागे तपासावे. गोचीड आढळल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये किंवा काडी लावू नये. त्यानंतरच्या आठवडा-दहा दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना ताप सांगण्याबरोबरच आपण कोणत्या तारखेला, कोणत्या रानात गेलो होतो हेही सांगावे.